माइक न लागणारं सभागृह

३ फेब्रुवारी

प्रिय भोंगे,

आधी बस. बसलीस? आता वाच. विद्यापीठाला माझी आठवण झाली आहे. यंदा ज्या माजी विद्यार्थ्यांचा सन्मान करणार आहेत त्यांत एक हृदयाचा डॉक्टर आहे, एक पूल बांधणारा आहे, एक बाई समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारी आहे, आणि चौथी मी! ‘ध्वनिरचनेतील कामगिरीबद्दल’ असं लिहिलंय त्यांनी. सासूबाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तू लाउडस्पीकर लावतेस का गं?” नाट्यगृहाच्या भिंती आणि छत कसं असलं म्हणजे शेवटच्या रांगेला स्वच्छ ऐकू येईल, हे जन्मभर लोकांना सांगत फिरले, आणि घरात अजून कुणाला पत्ता नाही.

कार्यक्रम वीस एप्रिलला, आपल्याच जुन्या सभागृहात. हेच सभागृह मी मागे दुरुस्त करून दिलं होतं. भिंतींवर लाकडी फळ्या बसवल्या, छताचा उतार बदलला, आणि आता तिथे साध्या बोलण्याला माइक लागत नाही. विद्यापीठाला त्याचा इतका अभिमान आहे की दारापाशी पितळी पाटी ठोकली आहे. लोक बाहेरगावाहून ते बघायला, म्हणजे ऐकायला, येतात.

आता तुझं काम. तिथली पद्धत आठवते ना? सत्कारमूर्तीचा परिचय प्राध्यापक करून देत नाहीत, बरोबर शिकलेलं कुणीतरी करून देतं. प्राध्यापक पदव्या वाचून दाखवतात आणि सोबती खरं सांगतो, असा त्यामागचा विचार. मी तुझं नाव देऊन टाकलंय. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून तू कोपऱ्यावरच्या दुकानदाराला “दोन वह्या काढून ठेवा” म्हणायचीस आणि तो काढून ठेवायचा. त्या सभागृहात पहिलं कुणी बोलावं तर तूच.

नाही म्हणायची सोय नाही.

तुझी,
ससुली


१९ फेब्रुवारी

प्रिय ससुलेबाई,

अभिनंदन, अभिनंदन आणि पुन्हा एकदा अभिनंदन! पत्र वाचून मी एवढी नाचले की आमच्या अहोंनी दुकानातून धावत वर येऊन विचारलं, काय पडलं म्हणून. त्यांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, “त्यांचे कान पहिल्यापासूनच सशासारखे. आता सरकारमान्य झाले.” चष्मे विकणाऱ्या माणसाकडून याहून मोठी दाद मिळायची नाही.

परिचयाचं मात्र जरा अवघड दिसतंय गं. शाळेतून निवृत्त झाले तरी शाळेनं मला सोडलेलं नाही, एप्रिलमध्ये परीक्षांची गडबड असते. शिवाय दुकानाच्या दर्शनी भागाची डागडुजी काढली आहे. शिवाय माझा घसा थोडा धरलाय, हवा बदलली की असंच होतं. आणि खरं सांगू, तोंडावर कौतुक करायला मला जमत नाही. मी बोलायला लागले की तू न्हाणीघरात काय काय उद्योग करायचीस तेच बाहेर पडेल, आणि कुलगुरू तुझा सन्मान परत घेतील.

त्या वसतिगृहाच्या प्रमुख बाईंच्या मुलीला सांग ना. ती आपल्याच वर्गात होती, छान बोलते. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. त्या तरी मला मोठ्यांदा वाजवता येतात.

साडी कुठली नेसणार आहेस? ती मोरपंखी नेस. काळी नेसलीस तर मी उठून जाईन.

तुझी,
भोंगा


२७ फेब्रुवारी

भोंगे,

सबबी फार झाल्या. एक असती तर पटली असती.

वसतिगृहाच्या बाईंची मुलगी? तिनं मला आख्ख्या तीन वर्षांत एकदाही स्वतःहून हाक मारली नाही. ती काय सांगणार माझ्याबद्दल? शाळेच्या परीक्षा तुझ्यावाचून अडणार नाहीत, दुकानाला रंग देणारे रंग देतील, आणि घसा वीस एप्रिलपर्यंत सुटेल. गरम पाण्याच्या गुळण्या कर.

आपला पत्रांचा नाद आहे हे खरं, पण ही गोष्ट पत्रानं लांबत चालली आहे. मी रविवारी सकाळी फोन करते. उचल.

ससुली


६ मार्च

प्रिय,

मी रविवारी फोन केला. तू उचललास. मी “भोंगे, मी बोलतेय” म्हटलं, आणि पलीकडून काहीच नाही. फक्त श्वास. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. तो तुझा होता. मोठा, जवळून येणारा, रागावल्यासारखा. मी पुन्हा “भोंगे” म्हटलं आणि तू फोन ठेवून दिलास.

मी दिवसभर विचार करत बसले की माझं काय चुकलं. शेवटी मला एकच सुचतंय, ते लिहूनच टाकते. वर्गात पहिली तू होतीस. वक्तृत्वाच्या ढाली तू आणायचीस. लग्नानंतर तू गावातल्या शाळेत राहिलीस आणि मी जगभर हिंडले. माझा सन्मान तुला सोसत नसेल तर तसं सांग. मला वाईट वाटेल, पण कळेल तरी. नुसता श्वास ऐकवून फोन ठेवू नकोस.

मी दुसरं नाव देते विद्यापीठाला.

ससुली


१२ मार्च

प्रिय ससुले,

दुसरं नाव दे. पण हे आधी वाच.

फोन मीच उचलला होता. अहो दुकानात होते, आणि घंटा वाजली की हात जातो, अजून सवय मोडलेली नाही. तू ऐकलास तो श्वासच होता. माझं तेवढंच आता फोनवर ऐकू जातं.

गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याखाली एक भोक आहे, तिथून मी श्वास घेते, म्हणून तो मोठा येतो. मी रागावले नव्हते गं. मला तुझ्याशी बोलायचं होतं. तू दोनदा “भोंगे” म्हणालीस आणि मला सुचेना काय करावं, म्हणून ठेवून दिला.

हॉस्पिटलनं एक यंत्र दिलंय. मुठीत मावतं. गळ्याला टेकवून ओठ हलवायचे, की शब्द बाहेर पडतात. आवाज बाईचा नाही, पुरुषाचा नाही, मिक्सरचा आहे. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या आवाजात नातीला जवळ बोलावलं. ती किंचाळून आईच्या मागे लपली. ती लहान आहे, तिचा काय दोष? पण त्या दिवसापासून यंत्र कपाटात आहे. घरात मी पाटीवर लिहिते. अहोंना आता माझं अक्षर न वाचता कळतं. शाळेत गेलेले नाही. बाजारात जाते ती बोटं दाखवून आणते.

तुला का नाही सांगितलं? रागावू नकोस. पत्रात मी अजून जशीच्या तशी आहे. इथे मी पहिल्यासारखी बडबडते, तू पहिल्यासारखी चिडतेस. सगळ्या जगात एवढी एकच जागा राहिली होती जिथे मला काही झालेलं नव्हतं. ती घालवायचा धीर झाला नाही.

तुझा सन्मान मला सोसत नाही, असं पुन्हा लिहिलंस तर तिथे येऊन कान उपटीन. कान उपटायला आवाज लागत नाही.

तुझी


१८ मार्च

भोंगे,

आणि हो, मी तुला भोंगाच म्हणणार. चालत नसेल तर कळव.

तुझं पत्र वाचून रडले. यांनी विचारलं काय झालं, मला सांगता येईना, पत्रच हातात दिलं. ते वाचून हेही रडले. ते तेवढं सांगून झालं. मी जे लिहिलं त्याबद्दल माफ कर. ज्या कानांचा सत्कार व्हायचाय त्यांना माणसाचा राग आणि माणसाची अडचण यांतला फरक कळला नाही, याची मला फार लाज वाटते आहे.

आता कामाचं. यंत्राच्या आवाजाची पट्टी बदलायला कडेला चक्र आहे का? गळ्यावर कुठे टेकवतेस, मध्यभागी की बाजूला? कातडी मऊ असते तिथे लावलं तर शब्द जास्त उघडे येतात. ‘स’ आणि ‘ह’ नीट येणार नाहीत, तिथे रेंगाळू नकोस, वाक्य पुढे ने, ऐकणारा आपला आपण भरून घेतो. माणसाचा कान फार समजूतदार असतो, माझं सगळं काम त्याच्याच जिवावर चालतं. तुला वाटेल हिला दया यायची सोडून भलतंच. दया येते गं. पण ती घेऊन मी काय करू? मला हे जमतं, म्हणून हे करते.

दुसरं नाव मी दिलेलं नाही. परिचय तूच करून द्यायचा आहेस, त्या यंत्रानं.

तुझी,
ससुली


२५ मार्च

ससुले,

तुझं डोकं फिरलं आहे.

माझं हे यंत्र फार तर शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जातं. तुझ्या सभागृहात ते पहिल्या रांगेच्या पुढे जायचं नाही. म्हणजे माइक लावावा लागेल. ज्या सभागृहाला माइक लागत नाही म्हणून तुझा सत्कार, तिथे माझ्यापायी माइक? उद्या पोहणाऱ्याचा सत्कार करताना त्याला होडीतून आणा म्हणशील.

आणि समज, लावला. लोक काय ऐकतील? तुझा परिचय? ते माझा गळा बघतील. बाहेर पडताना एकमेकांना म्हणतील, “बिचारी.” मी एवढी वर्षं शाळा चालवली, पालकांची बोलणी खाल्ली, शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडले, सगळं सोसलं. बिचारी मात्र मला सोसणार नाही. तुझ्या आनंदाच्या दिवशी मला प्रदर्शनात मांडू नकोस.

इथे अहो दुकानात शिडीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये घातलाय. ते वरच्या खोलीत पडून असतात, मी खाली दुकान बघते. त्यांना काही हवं असलं की ते हाक मारतात आणि मी जिना चढून पाटी दाखवते. “कशाला चढतेस, तिथूनच बोल ना त्या यंत्रातून,” असं काल म्हणाले. मी पाटीवर काय लिहिलं ते तुला सांगण्यासारखं नाही.

भोंगा (हे चालतं)


२ एप्रिल

प्रिय भोंगे,

मी विद्यापीठात जाऊन भांडून आले.

माइक लावायचा म्हटल्यावर कुलसचिव खुर्चीतून अर्धे उठले. “मॅडम, बाहेरून पाहुणे येताहेत, ते मुद्दाम हे सभागृह ऐकायला येताहेत!” मी म्हटलं, अजून माझं संपलेलं नाही. ते सभागृह असं आहे की तिथे माइक लावला तर आवाज भिंतीवरून उलटून उलटून स्वतःच्याच अंगावर येतो आणि सगळा काला होतो. तुझ्या यंत्राचा तर नक्की होईल. म्हणून लाकडी फळ्यांवर जाड पडदे सोडायचे, दोन्ही बाजूंनी आणि मागच्या भिंतीलाही. माझ्या कामगिरीतलं काही दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही. कुलसचिवांनी बारीक तोंडानं विचारलं, “आणि ती पितळी पाटी?” म्हटलं, तिच्यावरही टाका एक.

मग ते म्हणाले, कुणीतरी दुसरं बोलेल, तुमच्या मैत्रिणीचा मजकूर वाचून दाखवेल. मी सांगितलं की पडदे नसतील तर मी येणार नाही. त्यांना वाटलं मी रागाच्या भरात बोलतेय. मी राजीनाम्यासारखं लेखी दिलं. दुसऱ्या दिवशी पडद्यांची मापं घ्यायला माणूस आला.

तुला वाटतं हे मी तुझ्यासाठी करते. थोडं तुझ्यासाठी आहेच, कशाला नाकारू? पण ते सभागृह मी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू यावं म्हणून केलं होतं. ज्याचा आवाज लहान आहे त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी नव्हतं केलं. हे मला तुझं पत्र येईपर्यंत सुचलं नाही. आता सुचलंय तर त्या पाटीकडे बघवत नाही.

बिचारी कुणी म्हणेल का? म्हणतील एकदोन. ते मी नाही थांबवू शकत. येतेस की नाही ते एका ओळीत कळव.

ससुली


९ एप्रिल

ससुले,

येते. यंत्र कपाटातून काढलं. दुकान बंद केल्यावर चष्म्यांच्या आरशांसमोर बसून बोलते. सगळ्या आरशांत मीच, त्यामुळे गर्दीची सवय होते आहे.

माझ्या अटी. आधी कुणी माझी प्रस्तावना करायची नाही. ‘आजारातून उठून आलेल्या’ वगैरे एक शब्द जरी निघाला तर मी खाली उतरेन. आणि तू व्यासपीठावर बसायचं नाहीस. शेवटच्या रांगेत बस. शब्द कळेनासा झाला तर हात वर कर, मी पुन्हा म्हणेन. तू ऐकतेस एवढं मला दिसलं पाहिजे.

अहोंना येता येणार नाही, प्लास्टर आहे. त्यांचं तोंड एवढंसं झालंय. त्यांना नंतर सगळं लिहून कळव, मी सांगितलेलं त्यांना खरं वाटणार नाही.

भोंगा


२१ एप्रिल

प्रिय भावोजी,

कबूल केल्याप्रमाणे लिहिते. तुमची बायको आत्ता बाजूच्या खोलीत झोपली आहे आणि तिचा श्वास इथवर ऐकू येतोय. यंत्राशिवाय, आणि चांगल्या मोठ्या आवाजात.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. कुलगुरूंना ते पटलं नव्हतं, सत्कारमूर्ती मागे कशा काय, पण आता माझ्याशी वाद घालायचं त्यांनी सोडून दिलंय. डॉक्टरांचा परिचय झाला, पुलाचा झाला, समुद्राचा झाला. पडद्यांमुळे सगळे उशीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटत होते. माझ्या पुढे बसलेले एक पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, “हेच का ते प्रसिद्ध सभागृह?”

मग ती आली. मोरपंखी साडी तिनंच नेसली होती! मला नेस म्हणाली आणि स्वतः नेसली. गळ्याभोवती रुमालही बांधला नव्हता. माइकपाशी उभी राहिली, यंत्र गळ्याला लावलं, आणि पहिला शब्द निघालाच नाही. नुसती घरघर. तिनं खाली पाहिलं. सभागृहात एक खुर्ची वाजली, तेवढीच. भावोजी, मी आयुष्यात पुष्कळ शांतता मोजल्या आहेत, पण तसली कधी नव्हती. मला उठून तिच्याकडे धावावंसं वाटलं. मग तिनं यंत्र थोडं बाजूला सरकवलं.

“नमस्कार,” ती म्हणाली. “आवाज यंत्राचा आहे. मजकूर माझा आहे.”

मला शेवटच्या रांगेत ऐकू आलं. लख्ख.

ती पुढे म्हणाली, “या बाईंनी मोठमोठी नाट्यगृहं केली, त्याची यादी तुमच्या हातात आहे. यादीत नाही ते मी सांगते. यांची पहिली प्रयोगशाळा हॉस्टेलचं न्हाणीघर. पहिलं उपकरण मी. या मला टाकीत उतरवायच्या, जिन्याखाली बसवायच्या, आणि बसचं वेळापत्रक मोठ्यांदा म्हणायला लावायच्या. एकदा मी टाकीत असताना या जेवायला निघून गेल्या.”

लोक हसले. मी तिच्याकडे बघत होते. हसण्याबरोबर तिचा खांदा दचकला आणि हातातलं यंत्र खाली आलं. तिला वाटलं, आवाजाला हसले. मग तिनं समोर नीट पाहिलं. ते टाकीला हसत होते. पुढच्या रांगेतला तो पूलवाला तर डोळे पुसत होता. भावोजी, तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. शाळेच्या मैदानावर पोरं हसायला लागली की ती कमरेवर हात ठेवून थांबायची ना, तशी ती थांबली. त्यांचं हसून होईपर्यंत थांबली. आणि मग पुढे बोलायला लागली, ते थांबेचना! दिलेल्या वेळेच्या दुप्पट बोलली. कुलसचिव घड्याळ दाखवत होते, तिनं त्यांना बोटानंच “खाली बसा” म्हणून सांगितलं आणि ते बसले.

एकदा मला ‘पडसाद’ शब्द नीट कळला नाही. मी हात वर करणारच होते. पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रुमाल सापडत नव्हता, म्हणून राहिलं. तिला सांगू नका.

बाहेर एक बाई तिला म्हणाल्या, “तुम्ही किती सोसलं असेल!” ही म्हणाली, “हो ना, तीन वर्षं हिची खोलीतली सोबत.”

पडदे आज काढले. पाटीही उघडी केली. मी कुलसचिवांना सांगितलं की पडदे फेकू नका, घड्या घालून तिथेच ठेवा. कुणाला लागले तर.

उद्याच्या गाडीनं तिला पाठवते.

तुमची,
ताई


३० एप्रिल

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला पत्रं लिहिता येत नाहीत, ते खातं पहिल्यापासून तिच्याकडे. पण हे तिला सांगायचं नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

ती आली त्या दिवशी दमून झोपली. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी पाटी घेतली आणि दुकान उघडायला खाली गेली. मला वाटलं, झालं, तिकडचं तिकडेच राहिलं. माझं मन फार खट्टू झालं ताई. तुम्ही एवढं केलंत, आणि घरात पुन्हा ती खडूची करकर.

दुपारी मी वर पडलो होतो. खाली कुणी गिऱ्हाईक आलं असावं, त्याला जवळच्या नंबरचा चष्मा हवा होता आणि ती पेटी मी कुठे ठेवली ते तिला कळेना. ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले. मग जिन्याच्या तळाशी पाऊल वाजलं. मला वाटलं चढून येतेय, पाटी घेऊन.

“अहो,” तिनं हाक मारली. त्या यंत्रातून. “अहो, ऐकलंत का?”

ताई, इतके महिने मला कुणी अहो म्हटलं नव्हतं. पाटीवर लिहिलेलं असायचं, पण ते वाचायचं असतं.

पेटी कुठे होती ते मला चांगलं ठाऊक होतं. पण मी ऐकू न आल्यासारखा पडून राहिलो. तिनं पुन्हा हाक मारली.

आपला,
भावोजी